खर्चाची परीक्षा : ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ आणि ‘लाखाची गोष्ट’

पैसा मिळवण्याची धडपड हा विनोदाचा जुनाच विषय आहे. पैसा संपवण्याची धडपड त्या मानाने दुर्मीळ. जॉर्ज बार मॅककचन या अमेरिकन लेखकाने १९०२ च्या आपल्या कादंबरीत ती रंगवली आणि तिच्यावर अनेक चित्रपट निघाले. त्यांपैकी ॲलन ड्वान यांचा १९४५ चा कृष्णधवल ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ आम्हांस विशेष वाटतो. युद्धावरून परतलेल्या ब्रूस्टरला काकाच्या मृत्युपत्राने अट घातली आहे : दोन महिन्यांत दहा लाख डॉलर संपवावेत, तरच उरलेले सत्तर लाख मिळतील, आणि ही गोष्ट कोणास सांगू नये.

मराठीत राजा परांजपे यांनी १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ काढला. पटकथा-संवाद ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. येथे श्रीमंत बाप मुलीच्या निर्धन प्रियकरास महिन्यात एक लाख रुपये खर्च करून दाखवावयास सांगतो. कल्पनेचे साम्य उघड आहे. एवढ्यावरून या चित्रपटास ‘उसना’ म्हणून बाजूस सारणे मात्र आम्हांस मान्य नाही.

अट कोण घालतो, हा खरा प्रश्न आहे. ब्रूस्टरसमोर मृत माणसाचा कागद आहे आणि जिंकल्यास मिळणार आहे तो आणखी पैसाच. त्याचे मित्र काटकसर करून त्याला वाचवू पाहतात आणि तेच त्याला नडते. हितचिंतकच शत्रू ठरावेत, ही त्या विनोदाची मौज. मराठी नायकासमोर जिवंत सासरा उभा आहे आणि पणास लागला आहे संसार. तेथे हसू पैशाचे आहे. येथे ते ऐपतीवरून माणूस जोखण्याच्या आपल्या रीतीचे आहे. राजा गोसावी यांचा भाबडा चेहरा या हसण्याला कडवट होऊ देत नाही.

त्या लाखाचे वजन आज ध्यानात येणे कठीण. महिन्यात लाख म्हणजे दिवसाला तीन हजारांहून अधिक! १९५२ साली बीदर-गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि आपल्याकडे भारतीय रुपयाच्या जोडीने हाली सिक्का चालत असे. सहा रुपयांस सात हाली. त्या हिशेबाने ही रक्कम एक लाख सोळा हजार हालींच्या वर जाते.

आम्ही सरकारी सेवेत आयुष्य घालवले. मार्चअखेरीस अखर्चित तरतूद परत जाऊ नये म्हणून चाललेली लगबग ज्याने पाहिली आहे, त्याला या कथेतील मर्म निराळे सांगावे लागत नाही. मुदत आणि अट यांच्या कात्रीत सापडलेला खर्च गरजेकडे पाहत नाही; तो फक्त तारखेकडे पाहतो.

‘लाखाची गोष्ट’मध्ये उणीवही आहे. मालती पांडे व आशा भोसले यांची गाणी इतकी गोड आहेत, की ती चालू असताना महिन्याची मुदत विसरली जाते. ड्वान यांचे घड्याळ असे थांबत नाही. त्यांचा चित्रपट ऐंशी मिनिटांच्या आतबाहेर संपतो. वेगात अमेरिकन चित्रपट सरस आहे, हे मान्य करावे. परंतु चित्रपट संपल्यावर ब्रूस्टरची रक्कम लक्षात राहते आणि मराठी नायकाची माणसे. कल्पना परकी असली तरी घर आपले असू शकते, याची याहून चांगली साक्ष आम्हांस ठाऊक नाही.