कारणमीमांसा आणि प्रबंधलेखन

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधलेखनाची चर्चा बहुधा भाषाशुद्धी, परिच्छेदरचना व अवतरणांचे नियम यांपाशी थांबते. हे दोष दूर झाले तरी पुष्कळ प्रबंध निःसत्त्वच राहतात. कारण त्यांतील विधाने कोणालाही खोडून काढता येऊ नयेत इतकी सैल ठेवलेली असतात.

राहाता तालुक्याचे उदाहरण घेता येईल. या तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. ‘सहकारामुळे या परिसराचा सर्वांगीण विकास झाला’ असे वाक्य त्यासंबंधीच्या प्रबंधात लिहिण्याचा मोह सहज होतो. वाक्य निर्दोष आहे. पण विकास कोणाचा, कोणत्या काळातला, आणि सहकार नसता तर काय झाले असते, यांपैकी कशाचाच बोध त्यातून होत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले होते. कारखाना निघण्यापूर्वी सुमारे पाव शतक प्रवरेच्या कालव्यांचे पाणी या पट्ट्यात खेळत होते. उसाची लागवड व बेलापूर कंपनीसारखा खाजगी कारखानाही आधीच आला होता. तेव्हा पाण्याचे श्रेय किती व सहकाराचे किती, हा खरा प्रश्न आहे. वरील वाक्य तो झाकून टाकते.

याच कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांनी विद्यार्थिदशेत केलेले लेखन या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. केंब्रिज येथील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारताच्या अर्वाचीन औद्योगिक स्थित्यंतराचा इतिहास हा त्याचा विषय. हस्तव्यवसायांचा ऱ्हास परकी राज्यामुळे झाला, असे एकच ठोकळ विधान तेथे करता आले असते. गाडगिळांनी त्याची तीन कारणे वेगळी केली: देशी दरबारांचा अस्त, परकी सत्तेबरोबर आलेला अभिरुचीतील बदल, आणि यंत्रोद्योगाची स्पर्धा. दरबार गेला की उंची मालाचे गिऱ्हाईक जाते. अभिरुची पालटली की गिऱ्हाईक राहते, पण मागणी बदलते. स्पर्धेत मागणी तीच राहून माल दुसऱ्याचा खपतो. प्रत्येक कारणाचा पुरावा निराळा आणि प्रत्येकाची व्याप्तीही निराळी.

या ग्रंथालाही मर्यादा आहेत. त्याचा आधार मुख्यतः सरकारी अहवालांचा असल्याने कारागिराची स्वतःची साक्ष त्यात क्षीण आहे. पुढे १९६२ साली डॅनिएल थॉर्नर यांनी जनगणनेच्या आकड्यांची छाननी करून १८८१ ते १९३१ या काळात उद्योगांतील पुरुष कामकऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. हा आक्षेप मान्य केला तरी त्याचा रोख यंत्रस्पर्धेच्या उत्तरकालीन परिणामावर येतो. दरबारांच्या अस्ताविषयीचे विधान त्याने बाधित होत नाही. कारणे विभागून मांडलेली असल्यामुळेच आक्षेप नेमका कोठे लागू पडतो हे सांगता येते. ठोकळ विधान एकतर संपूर्ण स्वीकारावे लागते किंवा संपूर्ण टाकावे लागते. ज्ञानात भर दोहोंनी पडत नाही.

लोणीविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हीच शिस्त पाळल्यास त्याच्या प्रबंधाची प्रकरणे आपोआप ठरतील. कालव्याने काय बदलले, हे १९५० पूर्वीच्या पीकनोंदींवरून पाहावे. सहकाराने काय बदलले, हे उसाच्या दरावरून आणि सभासद व बिगरसभासद शेतकऱ्यांच्या तुलनेवरून ठरवावे. नेतृत्वाचा वाटा किती, हे त्याच कालव्यावरील पण कारखान्याबाहेरच्या गावांशी ताडून पाहावे. ऊसतोड मजूर व जिरायत शेतकरी या विकासात कोठे बसतात, हा प्रश्न मग टाळता येणार नाही. निष्कर्ष कदाचित आखूड होईल, पण त्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासता येईल. मार्गदर्शकांनीही कच्चा मसुदा वाचताना भाषेवर खुणा करण्यापूर्वी प्रत्येक मुख्य विधानापुढे एक प्रश्न लिहावा: कोणता पुरावा मिळाल्यास हे विधान मागे घ्यावे लागेल? याचे उत्तर ज्या विधानाला नाही, ते पुन्हा लिहावयास सांगावे.