कोलहासचे दोन निवाडे

हाइनरिश फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाची ‘मिखाएल कोलहास’ ही दीर्घकथा १८१० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली. १५४० मध्ये बर्लिन येथे देहदंड झालेल्या हान्स कोलहासे या व्यापाऱ्याच्या वृत्तान्तावर ती आधारलेली आहे. न्यायसंस्थेने पाठ फिरविल्यास पीडिताने शस्त्र उचलावे काय, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न होय.

एक सरदार कोलहासचे दोन काळे घोडे अन्यायाने अडकवून ठेवतो व शेतकामाला जुंपून त्यांचे सापळे करतो. आप्तांच्या वशिल्यामुळे फिर्याद फेटाळली जाते. अर्ज घेऊन गेलेली पत्नी जखमी होऊन मरण पावते. ज्याला कायद्याचे संरक्षण नाकारले तो समाजाबाहेर लोटला गेला, हा कोलहासचा ल्यूथरपुढील युक्तिवाद सहजासहजी खोडता येण्याजोगा नाही.

मात्र फरारी सरदारासाठी तो विटेनबर्ग पेटवितो, तेव्हा ज्यांची घरे जळतात त्यांचा त्या घोड्यांशी काहीही संबंध नसतो. आपले गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही, ही त्याची तक्रार. त्या नागरिकांचे गाऱ्हाणे तरी तो कोठे ऐकतो?

अखेरीस त्याला धष्टपुष्ट घोडे परत मिळतात, सरदारास दोन वर्षांची कैद होते आणि त्याच दिवशी शांतताभंगाबद्दल कोलहासचा शिरच्छेद होतो. दोन्ही निवाडे तो मान्य करतो. न्याय मागण्याचा हक्क आणि दंड देण्याचा अधिकार यांतील भेद क्लाइस्टने असा स्पष्ट केला आहे. तथापि शहर जळेपर्यंत फिर्याद ऐकली गेली नाही, हा राज्यसंस्थेवरील ठपका त्या शिरच्छेदाने पुसला जात नाही.