अंग चोरून केलेली गस्त

सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये शिरणाऱ्याला अंग चोरून उभं राहणं शिकवावं लागत नाही. वोल्फगांग पीटरसन यांचा ‘दास बोट’ (1981) हा जर्मन चित्रपट पाहताना ही सवय माझ्या कामी आली. शीर्षकाचा अर्थ नुसता ‘बोट’, ऐकायलाही आपलाच शब्द. 1941 च्या शरदात ‘यू-96’ ही पाणबुडी फ्रान्समधल्या ला रोशेलहून अटलांटिकमध्ये गस्तीला निघते. त्या एका फेरीची ही गोष्ट.

आत पन्नासएक माणसं. जिथे हात पोचेल तिथे पाव आणि सॉसेज टांगलेले. दोनांपैकी एका शौचालयाचंही कोठार झालेलं. एक खलाशी पाळीवर जायला उठतो, दुसरा त्याच बिछान्यात आडवा होतो. बुडी मारण्याचा हुकूम सुटला की हात मोकळे असलेले सगळे पुढच्या टोकाकडे धावतात, कारण बोटीचं नाक लवकर खाली जायला हवं. इथे माणसाचं नुसतं वजनसुद्धा कामाला लागतं. छायालेखक योस्ट वाकानो कॅमेरा हातात धरून त्यांच्या मागे धावतात. कॅमेराही अंग चोरतो.

पण या चित्रपटाचं मोठेपण मला दिसतं ते रिकाम्या दिवसांत. शत्रूचं जहाज दिसत नाही. पावावर बुरशी चढते, दाढ्या वाढतात. चित्रीकरण कथेच्या क्रमानेच झाल्यामुळे चेहऱ्यांवरचा फिकेपणा खोटा वाटत नाही. वर पहारेकरी लाटांचा मारा खात उभे, प्रत्येकाकडे क्षितिजाचा एक चतुर्थांश तुकडा. वादळात अचानक दुसरी जर्मन पाणबुडी भेटते. क्षणभर जल्लोष होतो आणि कप्तान लगेच अस्वस्थ होतो : दोन बोटी एकाच ठिकाणी, म्हणजे गस्तीच्या साखळीत कुठेतरी भोक पडलं. गस्त म्हणजे काय, हे एवढ्याशा प्रसंगातून कळतं.

मग विनाशिका डोक्यावर येते. ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. श्रवणयंत्राशी बसलेला हिनरिक कुजबुजत दिशा सांगतो आणि सगळ्यांचे डोळे छताकडे लागतात. आता श्वासही चोरायचा.

मराठीत ‘अंग चोरणं’ म्हणजे कामचुकारपणाही. इंजिनवरचा अनुभवी योहान भीतीने आपली जागा सोडतो. पुढे जिब्राल्टरजवळ बोट 280 मीटरवर समुद्रतळाला टेकते, तेव्हा तोच पाण्यात उतरून गळती बुजवतो. दिग्दर्शक त्याच्या भीतीला हिणवत नाही, म्हणून त्याचं धैर्य खरं वाटतं.

सर्वांत जड प्रसंग जळत्या टँकरचा. बोट वर येते तर बुडवायला घेतलेल्या जहाजावर अजून माणसं आहेत. पेटलेली माणसं पाण्यात उड्या घेतात, पोहत येतात. त्यांना घ्यायला बोटीत जागा नाही, कप्तान मागे सरकण्याचा हुकूम देतो. इथे मला आपल्या नौदलाची युद्धनौका ‘खुकरी’ आठवते. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पेरिस्कोपच्या पलीकडचं पाणी आमच्या ओळखीचं आहे.

आणि आठवते आपली पाणबुडी ‘कुरसुरा’. नोव्हेंबर 1971 मध्ये ती अरबी समुद्रात गस्तीला होती. लक्ष्याची ओळख पक्की पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही, असा आदेश होता. एकही जहाज न बुडवता ती परतली. हा चित्रपट पाहण्याआधी मी ते वाक्य वाचून पुढे गेलो असतो. आता त्यात मला क्षितिजाचा आपापला तुकडा सांभाळणारे डोळे दिसतात, कोंदट हवा आणि दुसऱ्याच्या उबेतली झोप दिसते. 2002 पासून ‘कुरसुरा’ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या गोल दारांतून जायचं तर वाकावं लागतं, अंग चोरावं लागतं. काही न घडलेल्या त्या गस्तीला नमस्कार करण्याची हीच योग्य रीत आहे.