‘मराठे व इंग्रज’ : शीर्षकातील एक गृहीत

मराठी राज्याच्या अस्तास शंभर वर्षे झाली त्या १९१८ साली, नारायण पेठेतील ‘केसरी’चे संपादक म्हणून ख्यात असलेल्या न. चिं. केळकर यांचा ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषयाची व्याप्ती पाहता त्याचे मोल मोठे आहे. परंतु शीर्षकातील ‘व’ दोन एकसंध सत्ता समोरासमोर उभ्या करतो. तहनाम्यांचा पुरावा ह्या गृहीतास अनुकूल नाही.

प्रारंभी दुफळी उभय पक्षी होती. १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. तिकडे मुंबईकरांनी १७७५ मध्ये राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्तेकरांनी अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तेव्हा केवळ ‘फूट’ हे कारण पुरेसे ठरत नाही.

भेद पुढे पडला. १७८४ च्या कायद्याने युद्ध व तह यांबाबत मुंबई आणि मद्रास कलकत्त्याच्या अधिक अधीन झाली. मराठ्यांकडे सालबाईच्या तहास (१७८२) महादजी शिंदे जामीन राहिले. १७९० चा टिपूविरुद्धचा करार नाना फडणिसांच्या कारभारात झाला. आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईस केलेला तह शिंदे-भोसल्यांना मान्य झाला नाही. १८०३ चे युद्ध त्यातूनच उद्भवले.

परराष्ट्राशी करार करण्याचा अधिकार कोणाचा, हे ज्या राज्यात ठरलेले नसते, त्यास मैत्रीचा तहही युद्धाइतकाच घातक होतो. केळकरांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन ह्या दृष्टीने व्हावयास हवे.