शेरलॉक होम्सचें अनुमानशास्त्र

तर्कशास्त्र हा विषय विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो ही तक्रार जुनी आहे, आणि ती दूर करण्याचा आम्हां शिक्षकांचा उपायहि तितकाच जुना आहे. सर्व माणसें मर्त्य आहेत, सॉक्रेटीस माणूस आहे, या वाक्यांपाशीं वर्गांतील डोळे मिटूं लागले कीं आम्ही सर आर्थर कॉनन डॉईल यांच्या शेरलॉक होम्सला हांक मारतों. तो आला कीं मागच्या बांकांवरचे विद्यार्थीहि सरसावून बसतात. हा परिपाठ आम्हीं स्वतः कित्येक वर्षें चालविला, आणि त्यानें आमचा तास लोकप्रिय झाला हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु होम्सच्या गोष्टी हें निगमनाचें उत्तम पाठ्यपुस्तक आहे, हें जें आम्ही शिकवीत आलों तें चुकीचें होतें, असें आतां आमचें मत झालें आहे. त्याचीं कारणें वाचकांपुढें मांडावीं, हा या लेखाचा हेतु होय.

प्रश्न केवळ वर्गापुरता असता तर तो आम्हीं येथें काढला नसता. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच दिवशीं अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें, सात वर्षें वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञानें घटनास्थळीं जाऊन पुरावा गोळा करावा, असें योजिलें असून त्याच्या तयारीसाठीं राज्यांस पांच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे पुढील काळांत माणसाचें स्वातंत्र्य केंस, माती, रक्त व ठसे यांच्या साक्षीवर अधिकाधिक अवलंबून राहणार. ही साक्ष वाचावयास तरुणांस कोण शिकवितो, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आतां होम्सची एक प्रसिद्ध करामत पाहूं. ‘ब्ल्यू कार्बंकल’ या १८९२ मधील गोष्टींत त्याच्या हातीं कोणा अनोळखी गृहस्थाची एक जुनाट टोपी येते. टोपी मोठी, म्हणून डोकें मोठें. डोकें मोठें, म्हणून बुद्धि मोठी. टोपीवर कित्येक आठवड्यांची धूळ, म्हणून पत्नीचें प्रेम उरलेलें नाहीं. टोपीवर चरबीच्या मेणबत्तीचे पांच डाग, म्हणून घरांत गॅसचा दिवा नाहीं. वॉट्सन थक्क होतो, आणि वाचकहि.

यांपैकीं पहिल्या अनुमानाचा आकार खरोखर निगमनाचा आहे. पण त्याचें मुख्य विधानच खोटें आहे. डोक्याच्या घेरावरून बुद्धि मोजतां येत नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या अनुमानाची गोष्ट निराळी. पत्नीचें प्रेम आटलें तर टोपीवर धूळ सांचेल, हें क्षणभर मान्य केलें, तरी धूळ सांचली म्हणून प्रेम आटलें, असें त्यांतून निघत नाहीं. पत्नी आजारी असेल, माहेरीं असेल, किंवा टोपीला हात लावलेला नवऱ्यास खपत नसेल. आमच्या क्रमिक पुस्तकांत ज्यास उत्तरांगाच्या स्वीकाराचा दोष म्हणतात, त्याचें याहून चांगलें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. निगमनाचा आचार्य म्हणून आम्ही ज्यास वर्गांत आणतों, तो पानोपानीं हा दोष करतो.

एकदां वर्गांत हें सांगितल्यावर एका विद्यार्थ्यानें विचारलें, “पण सर, त्याचें उत्तर तर बरोबर आलें ना?” हा प्रश्न आम्हांस अद्यापि विसरतां आलेला नाहीं. उत्तर बरोबर आलें हें खरें. टोपीचा मालक पुढें येतो आणि होम्सचें म्हणणें खरें ठरतें. पण ज्या हातानें टोपीवर डाग पाडले, त्याच हातानें डागांचें कारणहि लिहिलें आहे. होम्स अनेक शक्यतांतून एक निवडतो, आणि लेखक बाकीच्या शक्यता गुपचुप काढून घेतो. कथा म्हणून हें उत्तम कौशल्य आहे. पण घटनास्थळीं पडलेल्या टोपीमागें असा कनवाळू लेखक उभा नसतो.

डॉईलनें ही कल्पना एडिंबरो येथील आपले गुरु डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घेतली, हें सर्वश्रुत आहे. रोगी दारांतून आंत येतांच त्याचा धंदा व प्रवास ओळखण्याबद्दल बेल यांची ख्याति होती. पण वैद्याला रोग्यास विचारतां येतें. आजचें निदान चुकलें तर उद्यां सुधारतां येतें. तेथें तर्क हा पडताळ्याचा आरंभ असतो. गोष्टींत तो पडताळा वगळला गेला, आणि आरंभच शेवट होऊन बसला.

आमच्या नैयायिकांनीं हा पेंच फार पूर्वीं ओळखला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणें कार्यावरून कारणाचें अनुमान करणें तें शेषवत्; नदी दुथडी भरलेली पाहून वरच्या अंगास पाऊस झाला असें म्हणणें, हें त्याचें उदाहरण. होम्सची बहुतेक सारी करामत या सदरांत पडते. परंतु सूत्रकार येथेंच थांबत नाहीं. तो प्रतिपक्षाला बोलूं देतो. प्रतिपक्षी म्हणतो, प्रवाह अडविला तरीहि पाणी चढेल, मग पावसाचें अनुमान कसें खरें मानावें? यावर सिद्धान्ती जें उत्तर देतो, तें आजच्या कोणत्याहि प्रयोगशाळेच्या दारावर लिहून ठेवण्याजोगें आहे. नुसतें पाणी चढणें हा आमचा हेतुच नव्हे, असें तो म्हणतो. प्रवाहाचा वेग, त्यावरचा फेंस, वाहून आलेलीं फळें, पानें व लांकडें, या सर्वांनीं युक्त असा पूर हा आमचा हेतु आहे. अडविलेल्या पाण्यास हीं लक्षणें असत नाहींत. म्हणजे खूण दिसतांच कारणाकडे धांवूं नये. ही खूण दुसऱ्या कशानें झाली असती तर ती कशी दिसली असती, हें आधीं विचारावें.

याच शेषवताचा दुसरा अर्थ भाष्यकारानें परिशेष असा केला आहे. संभवनीय पर्याय एकेक वगळीत जावें व शेवटीं उरेल तो स्वीकारावा, ही ती पद्धति. होम्सहि हिचा मोठा पुरस्कर्ता आहे. मात्र पर्यायांची यादी पुरी आहे याची हमी कोणी द्यावी? ‘सिल्व्हर ब्लेझ’ या गोष्टींत रात्रीं तबेल्यांतील कुत्रा भुंकला नाहीं, यावरून येणारा मनुष्य त्याच्या परिचयाचा होता, असें होम्स ठरवितो. घडलेल्या गोष्टींइतकीच न घडलेली गोष्टहि पुरावा असते, हा धडा अमोल आहे, आणि तो शिकविल्याबद्दल डॉईलचें ऋण मान्य केलें पाहिजे. पण त्याच रात्रीं, त्याच तबेल्यांतील पोऱ्याला अन्नांतून अफू चारलेली असते. मग कुत्र्यालाहि ती चारली नसेल कशावरून? हा पर्याय यादींत येतच नाहीं.

असो. होम्सविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच्या निर्मात्याच्याच चरित्रांत आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मूळचे मुंबईचे पारशी व पुढें ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले शापुरजी एदलजी हे इंग्लंडांत स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वायर्ली या गांवीं राहत. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅम येथें सॉलिसिटर होता. १९०३ सालीं त्या गांवांत रात्रीं जनावरांस शस्त्रानें जखमी करण्याचे प्रकार घडले, आणि ऑगस्टमध्यें एका घोड्यावरील अशा हल्ल्यानंतर पोलिसांनीं जॉर्जला पकडलें. त्याच्याविरुद्धचा पुरावा असा: कोटावर घोड्याचे केंस; बुटांस चिखल; घटनास्थळाजवळच्या पावलांशीं जुळणारे बूट; आणि निनावी पत्रांतील अक्षर त्याचेंच आहे, असें एका हस्ताक्षरतज्ज्ञाचें मत. चार दिशांनीं आलेल्या चार खुणा एकाच माणसाकडे बोट दाखवीत होत्या. त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

तीन वर्षांनीं, १९०६ मध्यें, तो सुटला. पण निर्दोष म्हणून नव्हे. डॉईलनें त्याची भेट घेतली तेव्हां तो वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचीत होता. नेत्ररोगांचा अभ्यास केलेल्या डॉईलला एवढें पुरे होतें. इतकी अधू दृष्टि असलेला मनुष्य काळोख्या रात्रीं शेतें, कुंपणें व आगगाडीचे रूळ ओलांडून जनावरावर नेमका वार करील, हें त्यास पटेना. येथपर्यंत हा होम्सच वाटतो. परंतु डॉईल येथें थांबला नाहीं, आणि यांतच त्याचा मोठेपणा आहे. त्यानें पुराव्याचा एकेक जिन्नस घेऊन, हा येथें दुसऱ्या कोणत्या वाटेनें आला असेल, असें विचारलें. घोड्याच्या कातड्याचा कापलेला तुकडा आणि कोट हे दोन्ही पोलिसांच्याच हातून तपासणीस गेले होते. मग केंस कोटावर केव्हां आले? बुटांवरचा चिखल त्या शेताच्या मातीशीं जुळत होता काय? पावलांचा सांचा न घेतां, शेजारीं बूट दाबून काडीनें मोजणें हें मोजमाप म्हणावें काय? जानेवारी १९०७ मध्यें त्यानें हें सर्व ‘डेली टेलिग्राफ’मध्यें छापलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत सरकारनें जॉर्जला जनावरांच्या आरोपांतून माफी दिली; पत्रांचा ठपका मात्र ठेवला, आणि भरपाई दिली नाहीं.

हस्ताक्षराचा तो तज्ज्ञ वाचकांस ठाऊक असावा. १८९६ मध्यें अडॉल्फ बेक या निरपराध माणसास फसवणुकीबद्दल जी शिक्षा झाली, त्या खटल्यांतहि याच तज्ज्ञाची साक्ष होती. बेकला तर अनेक स्त्रियांनीं समोरासमोर ओळखलें होतें. म्हणजे पुराव्यांत श्रेष्ठ मानलेली प्रत्यक्ष साक्षहि चुकली. खऱ्या गुन्हेगाराच्या जुन्या तुरुंगनोंदींत असलेली एक शारीरिक खूण बेकच्या अंगावर नव्हती. अमुक मनुष्यास ही खूण आहे. बेकला ती नाहीं. म्हणून बेक तो मनुष्य नव्हे. शुद्ध निगमन तें हें! आणि तेंच कित्येक वर्षें दुर्लक्षिलें गेलें. या दोन प्रकरणांमुळें झालेल्या लोकक्षोभाचा इंग्लंडांत १९०७ मध्यें फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापन होण्यांत मोठा वांटा होता.

विद्यार्थ्याच्या मनावर ठसवावयाचा भेद हाच. न जुळणें माणसाला निश्चितपणें सोडवूं शकतें. जुळणें त्याला तितक्या निश्चितपणें गुंतवूं शकत नाहीं. बुटाचें माप, केंसाचा रंग, रक्ताचा गट हे पुरावे वर्गाकडे बोट दाखवितात, व्यक्तीकडे नव्हे. एकाच मापाचे बूट हजारोंच्या पायांत असतात. बोटांचा ठसा व्यक्तीचा खरा. त्याच्या वर्गीकरणाचें काम तर आपल्याच देशांत, १८९७ सालीं कलकत्त्यास निघालेल्या कचेरींत, मार्गीं लागलें. तथापि २००४ मधील माद्रिदच्या स्फोटांच्या तपासांत अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेनें एक ठसा भलत्याच माणसाचा ठरविला, व स्पॅनिश पोलिसांनीं तो दुसऱ्याचा असल्याचें दाखवून दिलें. ठसा चुकला नव्हता, वाचणारा चुकला होता. त्या देशाच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें २००९ मध्यें डी.एन.ए. खेरीज बहुतेक जुळणीच्या पद्धतींचा शास्त्रीय पाया अपुरा असल्याचें स्पष्ट सांगितलें.

आपल्या न्यायालयांनींहि हें ओळखलें आहे. १९८४ मध्यें पुण्याच्या एका खटल्याच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें परिस्थितिजन्य पुराव्याचें पंचशील सांगितलें. प्रत्येक परिस्थिति पूर्णपणें शाबीत व्हावी. ती केवळ अपराधाशींच सुसंगत असावी. ती निर्णायक असावी. अपराधाखेरीज दुसरी प्रत्येक उपपत्ति तिनें वगळावी. आणि सांखळी अखंड असावी. वात्स्यायनाचा फेंस व पानें यांनीं युक्त पूर तो हाच, असें आम्हांस वाटतें.

मग होम्सला वर्गांतून हांकलून द्यावें काय? मुळींच नाहीं. निरीक्षणाची गोडी लावणारा असा शिक्षक दुसरा नाहीं. फक्त त्याला आचार्याच्या खुर्चीवरून उठवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करावें. आम्ही हल्लीं टोपीचा उतारा वाचून दाखवितों आणि प्रत्येक डागाचीं दुसरीं तीन कारणें लिहून आणावयास सांगतों. तास पूर्वीइतका रंगत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आणि शेवटीं एक गोष्ट सांगतों. जॉर्जला सोडविणाऱ्या डॉईलनें नंतर त्याच गांवांतील दुसऱ्या एका तरुणास खरा गुन्हेगार ठरवून सरकारकडे लेखी आरोप पाठविला. आणि तो आरोप पोलिसांनीं जॉर्जविरुद्ध रचला होता तितक्याच कच्च्या धाग्यांचा होता. सरकारनें तो मानला नाहीं, हें बरें झालें. दुसऱ्याच्या अनुमानांतील छिद्रें ज्यानें इतक्या नेमकेपणानें दाखविलीं, त्याला स्वतःच्या अनुमानांतील दिसलीं नाहींत. तीं दिसावयास लागणें, एवढेंच तर्कशास्त्राच्या शिक्षणाचें फळ आहे. आणि आम्हांसहि तें येण्यास इतकीं वर्षें लागलीं.