शास्त्रज्ञाचे गुरू
आर. ई. जोहान्स ह्यांचा 'वर्ड्स ऑफ द लगून' हा १९८१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पॅसिफिक महासागरातील पलाऊ बेटांच्या मासेमारीविषयी आहे. ग्रंथकर्ते सागरी जीवशास्त्रज्ञ. परंतु ग्रंथाची उभारणी त्यांनी केली ती तेथील जाणत्या कोळ्यांना गुरुस्थानी मानून. कोणता मासा कोणत्या तिथीच्या सुमारास, प्रवाळभित्तीच्या कोणत्या भागी जमून अंडी घालतो, हे त्या कोळ्यांस मुखोद्गत होते. शास्त्रीय वाङ्मयात त्यांपैकी पुष्कळ गोष्टींची नोंदही नव्हती.

आज जगभरचे हौशी लोक श्वसनयंत्र लावून पलाऊच्या समुद्रात बुड्या मारतात. त्यांना मासा दिसतो. त्याची वेळ कोळ्यास ठाऊक असते. हा भेद मनावर ठसविणे, हेच आमच्या मते ह्या ग्रंथाचे मोल होय.

परंतु विणीचे स्थळकाळ छापले गेले आणि लोभी हाती पडले तर? ही शंका आम्हांस रास्त वाटते. तरीही लेखन श्रेयस्कर. कारण जाणता गेला की त्याचे ज्ञानही जाते. मासा कमी झाला की भित्तीचा काही भाग बंद ठेवण्याची पलाऊच्या गावप्रमुखांची जुनी रीत होती. तिला 'बुल' म्हणत. १९९४ च्या कायद्याने एप्रिल ते जुलै ह्या काळात गोब्रा जातीचे काही मासे धरण्यास बंदी झाली व श्वसनयंत्र लावून मासे मारणेही निषिद्ध ठरले. जुन्या रीतीचे तत्त्वच येथे कायद्यात उतरलेले दिसते.

उधाण आणि भांग जाणणारे वृद्ध आपल्या किनाऱ्यावरही आहेत. त्यांच्यापुढे वही घेऊन बसण्याची आम्हां शिक्षकांची तयारी आहे काय?