हर्स्ट यांचे दप्तर

जेम्स विलर्ड हर्स्ट (१९१०–१९९७) हे नाव मराठी वाचकास फारसे परिचित नाही. अमेरिकेतील कायद्याच्या इतिहासलेखनाला नवे वळण देणाऱ्या या अध्यापकाची कागदपत्रे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाने संगणकावर वाचण्याजोगी केली आहेत. १९३७ पासून हर्स्ट यांनी याच विद्यापीठात अध्यापन केले.

कायदा केवळ निवाड्यांत शोधू नये. विधिमंडळ, कचेरी आणि करारपत्रे यांतही शोधावा, हा त्यांचा आग्रह. 'लॉ अँड द कंडिशन्स ऑफ फ्रीडम' (१९५६) या ग्रंथाचा आरंभ ते १८३६ मधील एका सभेपासून करतात. मिशिगन सरोवराकाठी सरकारी जमिनीवर वसलेल्या लोकांनी, कायदेशीर मालकी मिळण्यापूर्वीच, आपापल्या ताब्याच्या रक्षणासाठी स्वतः नियम केले होते. विस्कॉन्सिनच्या लाकूडधंद्यावरील १९६४ च्या ग्रंथात त्यांनी दाखविले, की कायद्याने तोडीची सोय केली, पण अरण्याच्या भवितव्याचा विचार केला नाही.

छापील ग्रंथ हा अंतिम आदेशासारखा असतो. त्यामागची कारणे नस्तीतील टिपण्यांत सापडतात. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच अशा दप्तराचे मोल मोठे. मात्र एक शंका नोंदविणे आवश्यक वाटते. संगणक विचारलेला शब्द क्षणात शोधून देतो. न विचारलेले मात्र देत नाही. हर्स्ट यांची पद्धत नेमकी उलट होती. कोणी महत्त्वाचे न मानलेले कागद ओळीने वाचीत जावे आणि प्रश्न त्यांतूनच उमटू द्यावेत, अशी ती होती. गठ्ठ्यातून सुटे उचललेले पान साक्षीदारासारखे बोलते खरे, पण उलटतपासणीला उभे राहत नाही. त्याची उलटतपासणी त्याच्या मागची-पुढची पानेच करू शकतात. दप्तराचा मूळ क्रम राखणे हे छायाप्रतीच्या सुबकतेपेक्षा अधिक महत्त्वाचे, ते यासाठी.

हा प्रश्न दूरदेशीचा मानण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या अनेक घरांत सनदा, वाटणीपत्रे, मोडीतील जमाखर्च रुमालांत बांधून पडले आहेत. नवी पिढी भ्रमणध्वनीवर त्यांची छायाचित्रे घेते, ही समाधानाची गोष्ट. पण देखणी सनद तेवढी टिपली जाते आणि तिच्यासोबतचा किरकोळ हिशेब रद्दीत जातो. हर्स्ट यांच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या पूर्वजांनी परक्या मुलखात घर कसे उभारले, याची खरी साक्ष त्या किरकोळ हिशेबातच असण्याचा संभव अधिक. रुमाल सोडण्यापूर्वी प्रत्येक कागदास अनुक्रमांक द्यावा. छायाचित्र त्यानंतर घ्यावे.